काचबिंदू पिकत नाही

दौंडच्या एका मंडळानं यंदा नेत्रहीनांसाठी काम करणाऱ्यांचा सत्कार ठेवला आहे. त्यांचे कार्यकर्ते घरी आले होते. म्हणाले, "ताई, स्मरणिकेसाठी तुमचा अनुभव द्या. 'अंधारातून प्रकाशाकडे' असं नाव ठरलंय." मी म्हटलं, मी प्रकाशाकडे गेलेच नाही. उजेडातून अंधाराकडे गेले आणि आता तिथंच राहते. ते हसले. त्यांना तो विनोद वाटला असावा. जाताना एकानं सुचवलं, "देवदूत हा शब्द कुठंतरी येऊ द्या."

तो शब्द येणार नाही. ज्या दोघींबद्दल मला बोलायचं आहे त्या दोघीही तोंडानं फटकळ. एक डोळ्यांच्या डॉक्टर, इनामदार मॅडम. दुसऱ्या लोंढेबाई. त्या स्वतः जन्मापासून आंधळ्या, आणि माझ्यासारख्या मागाहून आंधळ्या झालेल्यांना चालायला आणि घर सांभाळायला शिकवण्याची त्यांची नोकरी. दोघींनी माझं काय केलं आणि आम्ही त्यांचं काय केलं, ते सांगते. मी बोलते आहे आणि आमचे हे लिहून घेत आहेत. मधेच थांबून "असं नको लिहायला" म्हणतात. मी म्हणते, तेही लिहा.

पिकू दे

आमचं बिऱ्हाड दौंडला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये. हे लोकोशेडमध्ये फिटर, आणि मी घरी ब्लाउज शिवायची. चाळिशी नुकतीच उलटली होती. आधी खांदा दाराच्या चौकटीला आपटायला लागला. मग रस्त्यानं चालताना कडेनं येणारा सायकलवाला एकदम समोर उगवायचा आणि "बाई, दिसत नाही का?" म्हणून ओरडायचा. मी म्हणायची, दिसतं की. आणि खरंच दिसत होतं. समोरचं सगळं स्वच्छ. सुईत दोरा मी स्वतः ओवत होते. जी बाई दोरा ओवते तिचे डोळे जातायत, हे कुणाला पटणार? मलाच पटत नव्हतं.

माझं माहेर भांडगाव. धाकटा भाऊ बापू तिथं शेती करतो, ऊस आणि कांदा. त्याच्या कानावर गोष्ट गेली तेव्हा तो लगेच म्हणाला, "अक्का, मोतीबिंदू हाय. आपल्या आईला न्हवता का? पिकू दे, मंग काढू. कच्चा काढला तर डोळा जातो."

आईचं मला आठवत होतं. शेवटची काही वर्षं ती भिंतीला हात लावून चालायची. तिचाही मोतीबिंदू पिकायची सगळे वाट बघत होते. तो पिकता पिकता आईच गेली.

तरीही मी बापूचं ऐकलं. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला पिकायची वाट बघणं शिकवावं लागत नाही. ऊस असो, कांदा असो, घाई करणारा नुकसानीत जातो, हे आमच्या अंगात मुरलेलं. त्यात एका शाळेत डोळ्यांचं शिबिर भरलं होतं, तिथं गेले. पाठीमागं मोठी रांग. बिल्ला लावलेल्या एका माणसानं डोळ्यावर बॅटरी मारली आणि म्हणाला, "अजून पिकला नाही. पुढच्या वर्षी या." तो डॉक्टर होता की नुसता कार्यकर्ता, मला आजही माहीत नाही. बापू मला म्हणाला, "बघ, मी काय सांगत होतो?"

दोन वर्षं आम्ही माझा डोळा पिकायची वाट बघितली. ज्यांच्या घरात आज कुणी अशी वाट बघत असेल त्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल. उठा आणि त्या माणसाला डॉक्टरकडे न्या.

"नाही"

हुकाची घरं करताना डोळ्यावर ताण यायला लागला म्हणून चष्म्याचा नंबर काढायला गेले. ह्यांची ड्यूटी होती, म्हणून बाजारासाठी दौंडला आलेला बापू बरोबर आला. इनामदार मॅडमचा दवाखाना बाजारपेठेत, माडीवर. त्यांनी डोळ्यांत थेंब घातले, अंधारात बसवलं, डोळ्यावर काहीतरी टेकवून दाब मोजला, पुन्हा मोजला. 

"कडेचं दिसेनासं होऊन किती दिवस झाले?"

"दोन वर्षं असतील."

"मग इतके दिवस काय करत होतात?"

बापूच बोलला, "पिकायची वाट बघत व्हतो, म्याडम."

"हा मोतीबिंदू नाही, काचबिंदू आहे. काचबिंदू पिकत नाही. तो आतल्या आत डोळ्याची नस मारतो. गेलेली नजर परत येणार नाही. उरलेली राखायचा प्रयत्न करू."

मी विचारलं, "ऑपरेशन केल्यावर दिसंल ना?"

"नाही."

एवढंच. "बघू", "देवाच्या हातात आहे", काही नाही.   मला त्या बाईचा असा राग आला की तिच्या टेबलावरच्या त्या सगळ्या काचा उधळून द्याव्यात. पुढं कित्येक महिने मी त्या "नाही"ला शिव्या घालत होते. आज वाटतं, माझ्या सगळ्या आजारपणात मला सरळ उत्तर मिळालं ते तेवढंच.

मग मॅडमनी आवाजाचा रोख वळवला. "तुम्ही यांचे सख्खे भाऊ ना? बसा या खुर्चीवर. तुमचेही डोळे बघते. हा सख्ख्या भावंडांत असू शकतो."

"मला काय झालंय?" बापू म्हणाला. "मला शिवंच्या पल्याडचं बैल दिसत्यात."

"तुमच्या बहिणीलाही समोरचं दिसतंय."

बापू "जरा च्या पिऊन येतो" म्हणून जिना उतरून गेला, तो खाली रस्त्यावरच थांबला. त्या दिवसापासून माझ्या डोळ्यांइतकीच त्याच्या डोळ्यांची चिंता माझ्यामागं लागली. माझे तर गेल्यात जमा होते. त्याचे वाचण्यासारखे होते.

वॉर्ड

ऑपरेशन पुण्याच्या दवाखान्यात झालं. मॅडम तिथं येऊन करायच्या. बायकांच्या वॉर्डात सगळ्या एका डोळ्याला पट्टी बांधून पडलेल्या. पहाटे फिनेलचा वास, मग चहाची किटली, मग थेंब, मग पुन्हा थेंब. आया बोलताना माझ्याशी बोलायचीच नाही. ह्यांना विचारायची, "यांना संडासला जायचंय का?" मी बहिरी झाले नव्हते, पण डोळे गेले की माणसाचे कान, तोंड आणि अक्कल सगळं एकदमच गेलं असं लोक धरून चालतात.

एक सिस्टर तेवढी वेगळी होती. केरळकडची, मराठी मोडकं. ती थेंब घालायच्या आधी सांगायची, "मी सिस्टर. उजवा डोळा. आता थंड लागणार." तिला हे कुणी शिकवलं होतं की तिचं तिलाच सुचलं, ठाऊक नाही. तिच्या आधीचे सगळे न सांगता पापणी ओढायचे. तिचं नाव विचारायचं राहून गेलं, याचं मला फार वाईट वाटतं.

शेजारच्या खाटेवर एक म्हातारी होती. तिचा मोतीबिंदूच होता. पट्टी सुटली आणि तिला नातू दिसला. वॉर्डभर पेढे वाटले. मलाही दिला. पेढा गोड लागला नाही असं म्हणणार नाही. पेढा होता, गोडच लागला. पण तो चघळताना माझ्या मनात त्या म्हातारीबद्दल जे आलं ते ह्यांना लिहायला सांगणार नाही.

डावा डोळा आधीच गेला होता. उजव्यात बांगडीतून बघावं एवढं गोल उरलं होतं. ऑपरेशननं दाब उतरला, पण नस फार मेली होती. मॅडमनी ते आधी सांगितलं होतं, एकदा नाही, अनेकदा. ते गोल वर्षभरात बारीक होत गेलं. शेवटी दिवस आहे की रात्र एवढंच उरलं.

"तू बस"

आंधळ्या माणसाच्या नशिबी सगळ्यात जास्त येणारा शब्द म्हणजे "बस". पाहुणे आले, तू बस. भाकरी करायच्यात, तू बस. नळाला पाणी आलं, तू बस. हे वाईट नव्हते, पण हेही "बस"च म्हणायचे. स्वयंपाक स्वतः करायला लागले, कच्च्या डाळीचं वरण आणि करपलेला भात. ड्यूटीवरून दमून येऊन चुलीपुढं उभं राहायचं आणि माझ्यावर चिडायचं नाही, म्हणून मग भांड्यांवर चिडायचं. घरात आम्हां दोघांपेक्षा पातेलीच जास्त बोलायची. शिलाई मशीन त्यांनी चादर घालून कोपऱ्यात सरकवलं. मला ते मढ्यावर चादर घातल्यासारखं वाटलं.

मॅडमकडे गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "माझ्याकडून होण्यासारखं आता थोडंच उरलंय. थेंब चालू ठेवा. पण तुमचं आयुष्य काही संपलेलं नाही. मी एका बाईंना सांगते, त्या घरी येतील." आणि उठता उठता, "भावाला आणलं का?"

लोंढेबाई आल्या त्या काठी टकटकवत, एकट्या. मला वाटलं होतं, कुणीतरी मायाळू बाई येऊन हात हातात घेईल. त्या बसल्या, माझं रडणं ऐकलं आणि म्हणाल्या, "रडायचं आसंल तर रडून घ्या. पर मला परतीची गाडी गाठायचीय. तवा रडत रडत उठा आन् चूल कुठं हाय ती दाखवा."

"मला दिसत नाही हो."

"मला कुठं दिसतंय?"

पहिल्या दिवशी त्यांनी मला भाकरी करायला लावली. पाणी किती झालं ते पिठाला विचार, तवा तापला का ते हाताला लागणाऱ्या उबेनं ओळख, भाकरी पलटायची वेळ वासावरून धर. पहिली भाकरी कोळसा झाली. बाईंनी ती मोडून खाल्ली. म्हणाल्या, "जळकी हाय. दुसरी करा." कौतुक नाही, धीर नाही. आठवडाभरानं म्हणाल्या, "आज खाण्याजोगी हाय." त्या दिवशी मी बाथरूममध्ये जाऊन रडले, पण आनंदानं.

मग काठी. मग मशीन. मशीनच्या पाटावर त्यांनी चिकटपट्टीचे थरावर थर लावून एक कड उभी केली. कापडाची बाजू त्या कडेला लागून सरकवली की शिवण सरळ येते. ब्लाउज नाही जमत आता, पण परकर, पिशव्या, उशांचे अभ्रे सगळं शिवते. ह्यांनाही त्यांनी शिकवलं. "हिला दंडाला धरून ढकलू नका. तुमचं कोपर हिच्या हाती द्या आन् अर्धं पाऊल फुडं चाला. ही तुम्हाला धरंल, तुम्ही हिला धरायचं न्हाई." हे ऐकत होते. त्या गेल्यावर म्हणाले, "बाई जहाल आहे." पण दुसऱ्या दिवशी कोपर पुढं केलं.

चोर सोडून संन्याशाला

इकडं भांडगावात वेगळीच कथा तयार झाली होती. बापूची थोरली रूपाली लग्नाची होती. बापूला कुणीतरी सांगितलं, काचबिंदू घराण्यात चालतो हे बाहेर कळलं तर पोरीला कोण करणार? झालं. त्यानं सगळ्यांना सांगायला सुरुवात केली की अक्काचा साधा मोतीबिंदू होता, पण त्या डाक्टरणीनं ऑपरेशनात डोळा घालवला. "आपरेशनच्या आदी दिसत व्हतं, नंतर गेलं," असं म्हटलं की कुणाला हिशोब मांडून दाखवावा लागत नाही. ज्यांनी पिकू दे म्हणून मला दोन वर्षं बसवलं ते सुटले, आणि जिनं पहिल्या दिवशी खरं सांगितलं ती फासावर. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

मी त्याच्याशी भांडले. फोनवर भांडले, माहेरी जाऊन भांडले. तो एकच म्हणायचा, "अक्का, तुझं जायचं ते गेलं. आता पोरीचं तरी होऊ दे." आणि वहिनी मधे रडायला लागायची. मग मी गप्प बसायची.

मॅडमच्या कानावर हे गेलं होतं. भांडगाव, कासुर्डीकडचे पेशंट यायचे कमी झाले, असं त्यांचा कंपाउंडर मला बोलून गेला. मॅडम मात्र त्याबद्दल चकार शब्द बोलल्या नाहीत. दर खेपेला माझा डोळा तपासायच्या आणि विचारायच्या, "भावाला आणलं का?" ज्यानं गावभर बदनामी केली त्याच्या डोळ्यांची चौकशी. मला लाजेनं मेल्यासारखं व्हायचं.

लोंढेबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "ठीक हाय की. मला सोमवारी वेळ असतो. बापूला बी मीच शिकवीन भाकरी करायला." मी चिडले. त्या म्हणाल्या, "चिडा. पर माझ्यावर कशाला चिडताय?"

भाऊबीज

त्या साली भाऊबीजेला बापू वहिनीला आणि रूपालीला घेऊन आमच्याकडे आला. मी पाट मांडला, बाजूला पाण्याचा तांब्या ठेवला. ओवाळलं. ते मला जमतं, कपाळ बोटानं शोधते आणि कुंकू लावते. बापू ओवाळणी टाकून उठला आणि त्याचा पाय तांब्याला लागला. तांब्या घरंगळला, पाणी सांडलं.

"कुठं ठिवलाय ह्यो तांब्या," बापू म्हणाला. तो त्याच्या डाव्या हातालाच होता.

ह्यांनी फडकं आणलं, वहिनी हसली, रूपाली काहीतरी बोलली. मी तिथंच बसून राहिले. तोच आवाज माझ्या घरात दोन वर्षं होत होता. चौकट, तांब्या, पाटाची कड. डोळस माणसांनी भरलेल्या त्या खोलीत कुणाला काही दिसलं नाही. मला ते ऐकू आलं.

"बापू, तुला कडेचं दिसतं का रे?"

"दिसतंय की," तो म्हणाला. मीही असंच म्हणायची.

बैठक

रूपालीला शिरूरकडचं स्थळ आलं. मुलगा कारखान्यात कामाला, घर चांगलं. पसंती झाली आणि भांडगावात बैठक ठरली. आमच्याकडे देण्याघेण्याचं बोलून सुपारी फोडली की सोयरीक पक्की. मी आदल्या दिवशीच गेले होते. सकाळी वहिनीनं माझी पांढरी काठी माळ्यावर टाकली. "वन्सं, शुभकार्यात ती डोळ्यापुढं नको," म्हणाली. मी स्वयंपाकघरात बसून पोह्यांसाठी खोबरं खवत होते. बाहेर सोप्यात पुरुषमंडळी.

बोलणी चांगली चालली होती. मुलाच्या आजोबांना सगळे आबा म्हणत होते. त्यांना चहा दिला तर "कप धरा, कप धरा" म्हणत दोघं पुढं झालेले ऐकू आले, तेव्हा ते आपणहून सांगायला लागले. "मला बी डोळ्याचं हाय. ती दौंडची डाक्टरीण आमच्या शिरूरला येती आठवड्याला. म्हणली, काचबिंदू हाय, थेंब घाला, लवकर आपरेशन करू. पर बापूंनी त्यांच्या बहिणीचं सांगितलं, तवा म्या थेंबच टाकून दिलं. जिनं एकीचा डोळा घालवला तिच्याकडं कोण जाईल?"

"बरं केलंत, आबा," बापू म्हणाला.

आबा बोलले तोवर मी खवणीवरच होते. पण ते "बरं केलंत" ऐकलं आणि मला राहवलं नाही. माहेरच्या घरात मला काठी लागत नाही. भिंतीला हात लावून उंबरा ओलांडला. सोप्यात माणसं मांडी घालून बसली होती, कुणाच्या तरी गुडघ्याला पाय लागला. 

"आबा," मी म्हटलं, "माझा डोळा त्या डाक्टरनं न्हाई घालवला. मला काचबिंदू हाय. आमी मोतीबिंदू समजून दोन वर्सं पिकायची वाट बघितली, त्यात गेला. तुमचं थेंब आजच्या आज परत सुरू करा."

बैठक जमवणारे मामा घाईनं म्हणाले, "अक्का, ह्यो इषय नंतर काढू. सुपारी फोडायचीय."

"फोडा की मामा. पर ऐकून फोडा. आमच्या आईला बी ह्योच व्हता. ह्यो घरात चालतो. बापूला बी हाय, मला खात्री हाय. त्याला कुणीतरी घिऊन जा."

 बापूचा श्वास मला ऐकू येत होता. मुलाच्या वडिलांनी सावकाश विचारलं, "मंग ह्ये पोरीला बी व्हतंय का?"

मला खोटं बोलता आलं असतं. "व्हईलच असं न्हाई," मी म्हटलं. "पर तपासून घ्यावं लागतंय. दरसाल."

कपबश्या खाली ठेवल्या गेल्या. "बरं. कळवतो," मुलाचे वडील म्हणाले. आमच्या भागात "कळवतो" म्हणजे काय ते शेंबड्या पोरालाही कळतं. जीपगाडी सुरू होऊन हायवेला लागल्याचा आवाज आला. मग बापू एवढंच म्हणाला, "अक्का, आजपास्नं ह्या घरात तुझं काय न्हाई."

माळ्यावर कुणीतरी चढल्याचा आवाज आला. रूपालीनं काठी आणून माझ्या हातात दिली. ती रडत होती. "आत्या, धर," म्हणाली. ह्या सगळ्यात त्या पोरीनं काय पाप केलं होतं? लोक म्हणतात तू बरोबर केलंस. बरोबरच केलं. पण तिचं ते रडणं माझ्या कानातून गेलेलं नाही, आणि जाऊही नये.

नंतर

शिरूरकरांनी आमची मुलगी नाकारली आणि आमचा सल्ला मात्र घेतला. आबांनी थेंब सुरू केले, मॅडमकडूनच ऑपरेशन करून घेतलं, आणि त्यांची उरलेली नजर टिकली, असं मामांकडून कळलं. निरोप, आभार काही आलं नाही.

रूपाली स्वतःहून तपासून आली. तिचे डोळे चांगले निघाले. मग तिनं आणि वहिनीनं बापूला धरलं. आता लपवायला राहिलंय काय, वहिनी म्हणाली. सोयरीक मोडली म्हणून माणूस दवाखान्यात गेला. जुळली असती तर डोळे गेले असते.

तिथं काय झालं ते रूपालीनं मला फोनवर सांगितलं. बापू मान खाली घालून दारात उभा राहिला. त्याला वाटलं, आता ही बाई आपल्याला सोलून काढणार. मॅडमनी वर बघितलं आणि म्हणाल्या, "या, बसा या खुर्चीवर. तुमचे बघायचे राहिले होते." बस्स. त्याचा डावा डोळा बराचसा गेला होता. उजवा वाचला. पुढं ऑपरेशन झालं, थेंब कायमचे लागले.

गावात आता तो सांगतो की पुण्याच्या एका मोठ्या डॉक्टरनं त्याचा डोळा वाचवला. इनामदार मॅडमचं नाव तो घेत नाही. रूपालीचं लग्न नंतर झालं, सगळं आधी सांगून, चांगल्या घरात. मला आमंत्रण नव्हतं.

म्हणून मंडळाला माझं एवढंच सांगणं. सत्कार जरूर करा. शाल घाला, नारळ द्या. पण या बायका माणसाचं भलं करतात आणि वर त्याच माणसाच्या शिव्या खातात, हे भाषणात कुणीतरी म्हणा. लोंढेबाईंना मी विचारलं, शाल घ्याल ना? म्हणाल्या, "घेईन की. पर आदी त्यांना म्हणावं, हॉलफुडचं गटार झाका. मागल्या टायमाला सत्काराला जाताना त्यातच पडले व्हते."

गेल्या महिन्यात मी मॅडमकडे गेले होते. बाहेरच्या बाकावर बसवून कंपाउंडरनं डोळ्यांत थेंब घातले, मिटून बसा म्हणाला. थोड्या वेळानं बाकाच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी बसलं आणि खाकरलं. तो बापूच होता. लहानपणी एका पांघरुणात झोपलेल्या भावाचं खाकरणं कुणाला ओळखायला येत नाही? त्याच्याही डोळ्यांत थेंब पडले. आम्ही दोघं बहीणभाऊ एका बाकावर डोळे मिटून बसलो होतो. मी वाट बघत होते. मला फार वाटत होतं त्यानं "अक्का" म्हणावं. मी पहिल्यांदा बोलले असते, पण भीती वाटली की तो उठून जाईल आणि तपासणी राहील.

त्याचा नंबर आधी लागला. बाहेर आल्यावर त्यानं कंपाउंडरला हळूच विचारलं, "त्या बाईंचं कसं हाय आता?"

"आहे तसंच," कंपाउंडर म्हणाला. "तुमच्या ओळखीच्या आहेत का?"

"न्हाई," बापू म्हणाला. मग त्यानं आपल्या पुढच्या तपासणीची तारीख विचारली, आणि जिन्याकडं जाता जाता परत वळून पुन्हा एकदा विचारून घेतली.